आपला डॉक्टर आपणच?



“शरीर माझे, दुखणे माझे, पैसा माझा, मग उपाय मी घरीच केला तर कोणाचे काय गेले?” असे आज पुष्कळ जण विचारतात. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. सर्दी झाली की काढा आपणही घरीच घेतो. पण आता तीळ-चामखीळ जाळण्याचे यंत्रसुद्धा मोबाईलवरून घरपोच मिळते. तीळ समजून जाळलेला डाग कर्करोगाचा असला, तर तपासायला काही उरत नाही आणि रोग आत वाढत राहतो.

गर्भपाताच्या गोळ्यांचेही तसेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकायला कायद्याने बंदी आहे. तरीही २०२२ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या ऑनलाइन मागवून पाहिल्या, तेव्हा चिठ्ठीशिवाय घरपोच आल्या. त्यावरून अ‍ॅमेझॉनविरुद्ध गुन्हा नोंदवण्यात आला. गर्भपाताविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपणा सर्वांना ठाऊक आहे. येथे आईचा जीवही धोक्यात असतो. गर्भ नळीत वाढत असेल, तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. दुखते आहे ते गोळीमुळेच, असे समजून बाई घरीच पडून राहते.

मार्च २०२३ मधील नागपूरची बातमी काहींना आठवत असेल. अत्याचाराला बळी पडलेल्या १५ वर्षांच्या मुलीने गरोदरपण घरच्यांपासून लपवले आणि यूट्यूबवर पाहून एकटीनेच स्वतःचे बाळंतपण केले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, जन्मानंतर तिनेच बाळाचा जीव घेतला. काय करायचे ते मोबाईलने तिला दाखवले. “घाबरू नकोस, मी आहे” असे म्हणणारे मात्र जवळ कोणी नव्हते.

म्हणून “कोणाचे काय गेले?” या प्रश्नाचे उत्तर नुसते वैद्यकीय नाही. माणूस चोरून उपाय करतो तो बहुधा हौसेने नव्हे, तर लाजेपोटी, भीतीपोटी, खर्चापोटी. गळीत हंगामात आपल्या सोमेश्वरनगर परिसरात येणाऱ्या ऊसतोड बाईला दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. घरातल्या मुलीला धास्ती असते ती ‘चार लोक काय म्हणतील’ याची. ते चार लोक म्हणजे आपणच.

भल्या शोमरोनीच्या दाखल्यातील जखमी माणूस स्वतःच्या जखमा बांधू शकत नव्हता. दुसऱ्या कोणीतरी थांबणे गरजेचे होते.

तेव्हा कोणी आपले दुखणे सांगायला आले, तर रागावण्याआधी ऐकून घेऊ या. डॉक्टरांवर रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवण्याचे बंधन असते, हे त्यांना समजावू या. बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. एकटीला जायची भीती वाटत असेल, तर तिच्यासोबत एस.टी.त बसू या. औषध घरपोच मिळेल, सोबत मात्र आपणच द्यायची आहे.