तांडेल समुद्रापुरता

मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की काही मिनिटांत मनोरी. अलीकडे मालाडचे टॉवर, पलीकडे कोळीवाडा, रस्त्याकडेचे क्रूस आणि पावसाळा सरला की वलांडीवर सुकणारे बोंबील. हे गाव मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, हे फेरीतून उतरणाऱ्याला सांगावं लागतं.

उत्तन ते मनोरी या पट्ट्यात डोलीची मासेमारी जुनी. डोल म्हणजे निमुळत्या पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे ठेवतात आणि पुढचं काम भरती-ओहोटीवर सोडतात. मासळीच्या मागे कुणी धावत नाही, मासळी पाण्यासोबत येते. त्यामुळे या धंद्यात होडी आणि जाळ्याइतकंच मोल असतं जागेला. खुंट कुठे रोवायचे, कुणाच्या डोलीपुढे कुणी यायचं नाही, हे ठरलेलं नसेल तर एका हंगामातच मारामाऱ्या सुरू होतील. ते ठरवायला सरकारी अंमलदार समुद्रावर कधी आला नव्हता. गावकीनेच ते ठरवलं आणि सांभाळलं.

गावकीबद्दल मात्र हळवं व्हायचं कारण नाही. बहुतेक कोळीवाड्यांत जमातीला पाटील असे, बैठकीला पुरुष बसत, आणि मासळी विकून घर चालवणाऱ्या बायका बाहेर राहत. उतरंड नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. तरीही समुद्रावरच्या जागांपुरती एक गोष्ट खरी आहे: तिथे वरून हुकूम येत नव्हता, आणि तरी अंदाधुंदीही नव्हती.

राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात तुर्कस्तानातल्या अलान्या या बंदराची अशीच हकीकत मांडली. तिथल्या मच्छीमारांनी मासेमारीच्या जागांना नावं दिली, यादी केली आणि दर सप्टेंबरला चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. चिठ्ठीत निघालेल्या जागेवर पहिला दिवस. त्यानंतर जानेवारीपर्यंत रोज एक जागा पूर्वेला सरकायचं, पुढे मेपर्यंत रोज एक जागा पश्चिमेला. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते, वाईटही येते. पहारेकरी लागत नाही, कारण आज ज्याची पाळी आहे तोच आपली जागा राखतो. सामायिक साधनं सांभाळायला एकतर सरकार हवं नाहीतर खासगी मालक, हा अर्थशास्त्रातला पक्का समज ऑस्ट्रॉम यांनी अशा उदाहरणांनी खिळखिळा केला. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

कोकणात, मालवणच्या किनाऱ्यावर, रापण ओढताना हेच वेगळ्या रूपात दिसतं. होडी समुद्रात अर्धवर्तुळ काढत जाळं सोडते आणि किनाऱ्यावरची माणसं दोन्ही बाजूंचे दोर धरून ते ओढतात. मग वाळूवरच वाटे पडतात. ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात, हे महत्त्वाचं. हिशोब वहीत दडलेला नसला की हिशोबनीस मोठा होत नाही.

होडीत मात्र तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, शब्द शेवटचा. वारा फिरला की मतदान घेत बसता येत नाही. पण हा अधिकार कामापुरता असतो. तांडेल किनाऱ्याला लागला की गावातल्या दहाजणांतला एक. उतरंड नको म्हणणारे पुष्कळदा इथेच चुकतात. त्यांना अधिकारच नको असतो. खरा प्रश्न अधिकार कधी सुरू होतो आणि कुठे संपतो, हा असतो. अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच आपल्या सहकाऱ्यांना बजावलं होतं की, रचना नाकारणाऱ्या गटातही पुढारी तयार होतात. फक्त त्यांना कुणी निवडलेलं नसतं, म्हणून काढताही येत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी चळवळींना आणि गणेश मंडळांनाही हे वेगळं सांगायला नको.

हा पेच सर्वांत धीराने सोडवला तो गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीने. साडेचारशे-पाचशे लोकसंख्येच्या या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. वेळ लागतो, आणि तो लागू दिला जातो. जोडीला अभ्यासगट: तिथे बाहेरचे जाणकारही बसतात, बोलतात, माहिती देतात, पण निर्णय घेत नाहीत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली असली तरी सही ग्रामसभेची चालते. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली.

मेंढ्याचं कौतुक करताना एक गोष्ट सहसा सुटते. त्या सभेला कायद्याचा आधार होता. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, वनहक्क कायदा, १९६४ चा ग्रामदान कायदा यांचे धागे गावाने चिकाटीने शोधले, पण ते शोधण्याजोगे होते.

समुद्रावर तसे धागे नाहीत, आणि गावकीचा नियम गावाच्या वेशीपाशी संपतो. वसई-उत्तनकडच्या डोलकरांनी मारलेल्या कवींवरून, म्हणजे डोलीसाठी रोवलेल्या खुंटांवरून, सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांशी चाललेला वाद कित्येक दशकांचा आहे. दोन्हीकडे गावाची शिस्त कडक, पण दोघांनाही मान्य होईल अशी सभा नाही. म्हणून भांडण मत्स्यव्यवसाय खात्यापर्यंत जातं आणि तिथे रेंगाळतं.

मनोरीची अडचण आणखी बिकट. शहरात असल्यामुळे इथे ग्रामसभाच नाही. मुंबईत नगरसेवकांचे २२७ प्रभाग. २०११ च्या जनगणनेनुसार एका प्रभागात सरासरी ५५ हजार माणसं. त्यात एका कोळीवाड्याचा आवाज किती? मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होता, म्हणजे तेवढा नगरसेवकही नव्हता. याच काळात महापालिकेने मनोरीत समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प पुढे रेटला: रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे दुप्पट. खारट सांडपाणी मासळीच्या वाटेवर सोडलं तर काय होईल, हा मच्छीमारांचा प्रश्न साधा आहे. प्रकल्प योग्य की अयोग्य, यावर दुमत असू शकतं. पण मेंढ्यात जंगलाविषयीचा असा प्रश्न सभेपुढे येतो आणि सहमती होईपर्यंत थांबतो. मनोरीत तो हरकती-सूचनांच्या अर्जावर लिहून द्यावा लागतो.

मुंबईतल्या गावठाणांना आणि कोळीवाड्यांना आपली वैधानिक सभा द्यायला काही नवा शोध लावावा लागणार नाही. गावं अजून आहेत, बसायच्या जागा आहेत, भांडणं मिटवायची सवयही पुरती मोडलेली नाही. पुढच्या वेळी फेरीबोटीने मनोरीला जाणाऱ्याने चौपाटीवर जाण्याआधी एखाद्या डोलकराला विचारून पाहावं, त्याच्या खुंटाची जागा कुणी ठरवली.