मारक्या बैलाचा धनी

२०२५ च्या डिसेंबरात काही दिवस बजबजला राहण्याचा योग आला. कलकत्त्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या काठी वसलेले हे गाव तेलाच्या टाक्यांचे आणि तागाच्या गिरण्यांचे. ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्यांच्या शेजारी एक वृद्ध बंगाली गृहस्थ राहतात. त्यांच्या घरामागे लहानसे तळे आहे व तळ्यात रोहू-कटल्याची पैदास. त्या तळ्यावर रात्री एक पाहुणा येतो. बंगालीत त्याला बाघरोल म्हणतात. मासे पकडणारे हे रानमांजर मध्यम कुत्र्याएवढे असते, अंगावर ठिपके, आणि पाण्यात सूर मारण्यात तरबेज. पश्चिम बंगालचा हा राज्यप्राणी होय. वाघ-बिबट्यांच्याच पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. तरी नदीपलीकडच्या हावडा जिल्ह्यात तळेवाल्यांनी त्याला विष घालून, फासे लावून मारल्याच्या घटना घडल्या आहेत.

मी महाराष्ट्रातला हे कळताच ते गृहस्थ म्हणाले, "मोशाय, तुमच्या राज्याने म्हणे बिबट्या मारण्याची मोकळीक मागितली आहे. मग आमच्या बाघरोलानेच काय पुण्य केले आहे?"

बोलणे अर्धे थट्टेचे होते. पण तो प्रश्न घेऊनच मी परतलो.

त्यांनी वाचलेली बातमी खरी होती. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतच्या परिसरात, तीन आठवड्यांच्या आत बिबट्याने तीन जीव घेतले. त्यांत एक पाच वर्षांची मुलगी होती, एक तेरा वर्षांचा मुलगा होता. लोकांनी महामार्ग रोखला, वनखात्याचे वाहन जाळले, आणि अखेर एक बिबट्या गोळीने मारला गेला. त्यानंतर बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून काढून दुसऱ्या अनुसूचीत घालावे, अशी मागणी केंद्राकडे करण्याचे राज्य शासनाने ठरविले.

ही अनुसूची म्हणजे केवळ कागदावरील रकाना, असे वाचकांना वाटेल. तसे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमानुसार पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारण्याची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकानेच द्यावयाची असते. प्राणी मनुष्याच्या जिवास धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका रोगी वा पंगू असेल तरच, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा हलविणे शक्य नसेल तरच. दुसऱ्या अनुसूचीत तो गेला की मालमत्तेला धोका, उभ्या पिकाला धोका, एवढेही कारण पुरते. आणि निर्णय खालच्या अधिकाऱ्याकडे सोपविता येतो. म्हणजे आज तराजूच्या एका पारड्यात मनुष्याचा जीव आहे. उद्या तेथे शेळी ठेवली तरी पारडे झुकेल. स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो आजही गुन्हा नव्हे, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. गावोगावी हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आपण ख्रिस्ती लोक अशा वेळी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाकडे धाव घेतो. मनुष्याला प्राण्यांवर सत्ता दिली आहे, प्रश्न संपला! दुसरे कोणी यशयाचा लांडगा आणि कोकरू पुढे करतात आणि पिंपरखेडच्या आईला शांतीच्या राज्याची वाट पाहावयास सांगतात. मला या दोहोंपेक्षा निर्गमाचा एकविसावा अध्याय जवळचा वाटतो. तेथे मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने शिंग मारून मनुष्याचा जीव घेतला तर बैल दगडमाराने मारावा; परंतु त्याचे मांस कोणी खाऊ नये. बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्याला तशी सूचना मिळालेली असेल आणि तरीही त्याने त्याला आवरले नसेल, तर दोष धन्याचाही आहे.

मांस खाऊ नये, ही अट मला पूर्वी निरर्थक वाटे. एवढा धष्टपुष्ट बैल वाया का घालवावा? आता वाटते, त्या नियमाचा प्राण तेथेच आहे. बैलाचे मरण आवश्यक असेल, पण त्या मरणातून कोणाचेही पोट भरू नये, कोणाला चव लागू नये. कारण एकदा चव लागली की पुढचा मारका बैल शोधला जातो.

यवतमाळ जिल्ह्यातील अवनी वाघिणीची गोष्ट अनेकांना आठवत असेल. तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. सर्वोच्च न्यायालयाने तिला मारण्याचा आदेश रद्द केला नाही. पण मारणाऱ्याला बक्षीस दिले जाऊ नये, असे बजावले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ एका खासगी शिकाऱ्याच्या गोळीने ती पडली. पुढे त्या शिकाऱ्याला वाघिणीची चांदीची मूर्ती भेट मिळाली. प्रकरण २०२१ मध्ये पुन्हा न्यायालयात गेले तेव्हा, हा सत्कार गावकऱ्यांनी केला, असे उत्तर आले आणि न्यायालयाने पुढे कारवाई केली नाही. दोन वर्षे शेतात जाण्यास भ्यालेल्या लोकांचा आनंद मी समजू शकतो. त्यांना दोष देणार नाही. तरी ती चांदीची मूर्ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मांस खाल्ले गेले, असेच मला वाटते.

अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात २०२१ साली असा कायदा झाला की लांडगे मारणाऱ्यांना त्यांचा खर्च भरून देता येईल. तेथे मागणी करणाऱ्यांत शिकारी होते, आणि लांडगे आमची एल्क हरणे खातात ही त्यांची तक्रार. म्हणजे एका शिकाऱ्याची दुसऱ्या शिकाऱ्याविरुद्ध! आपल्याकडे मागणी करतो तो लेकरू गमावलेला शेतकरी. या दोन मागण्या एका मापाने मोजता येणार नाहीत. शेतकऱ्याला लवकर निर्णय हवा आहे, आणि तो मिळावा. पण त्याच्या दुःखाच्या आडून बंदुकीला मोकळीक मागणारेही उभे राहतात, आणि कायदा सैल झाला की पहिल्यांदा त्यांचेच फावते.

आता धनी कोण? ज्याने कायद्याने इतर सर्वांचे हात बांधले, त्याने धनीपण पत्करले आहे. आणि त्याला सूचना मिळाली नव्हती, असे म्हणता येत नाही. जुन्नरच्या धरणांमुळे ऊस आला, उसात बिबट्याची मादी पिल्ले घालू लागली. या शतकाच्या आरंभी तेथे बिबटे पकडून दूर सोडण्याचा सपाटा लागला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले की सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले. हे सर्व छापलेले आहे. साखर मात्र आपण सर्वांनीच खाल्ली, मीसुद्धा.

निर्गमात धन्याला जिवाबद्दल मोल देऊन सुटण्याचीही वाट आहे. बजबज ज्या जिल्ह्यात आहे, त्याच दक्षिण चोवीस परगण्यात सुंदरबन आहे. तेथे वाघाने मारलेल्या एका मासेमाराच्या विधवेला, नवरा निषिद्ध गाभाक्षेत्रात गेला होता म्हणून, भरपाई नाकारली गेली होती. २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला पाच लाख रुपये देण्यास सांगितले. मोल द्यावयाचे तेही कोर्टाची पायरी चढल्यावर, हे लक्षात घ्यावे.

निघण्याच्या दिवशी त्या वृद्ध गृहस्थांना हा मारक्या बैलाचा नियम सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतले. मग तळ्याभोवती नव्याने ताणलेली नायलॉनची जाळी दाखविली. एका बाजूची अजून व्हावयाची होती. "जाळीचे पैसे मी घातले," ते म्हणाले, "मासेही माझेच गेले. तुमच्या त्या शास्त्रात याचा धनी कोण?"

गाडीची वेळ झाली होती, आणि माझ्याजवळ उत्तरही नव्हते.