नाबोथचा मळा आणि बर्फाखालचे धन



उत्तर ध्रुवाकडचा बर्फ वितळत आहे आणि त्याखालची संपत्ती माणसाच्या हाताशी येत आहे. जगात अजून न सापडलेल्या तेलापैकी सुमारे १३ टक्के व नैसर्गिक वायूपैकी ३० टक्के साठा तेथे असावा, असा अंदाज अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००८ साली दिला. ग्रीनलंडमध्ये तर मोबाईलला आणि पवनचक्क्यांना लागणारे दुर्मीळ धातू आहेत. म्हणून काहींना हे वितळणे चक्क सुसंधी वाटते!

धरमपेठेत बसून आपल्याला त्याचे काय? पण २०२२ च्या भारताच्या आर्क्टिक धोरणातही तेथील खनिजांचा उल्लेख आहे. आणि मे महिन्यात आपले कूलर रात्रंदिवस चालतात, त्यासाठी कोराडी-खापरखेड्याला कोळसा जळतो. धूर येथे निघतो, बर्फ तिकडे वितळतो.

अशा वेळी आम्हांला नाबोथचा मळा आठवतो. वाडवडिलांची जमीन द्यायला त्याने नकार दिला. राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करविला. अहाब राजाने स्वतः दगड उचलला नव्हता. तो फक्त मोकळा झालेला मळा ताब्यात घ्यायला गेला. एलीया संदेष्ट्याने त्याला गाठले ते नेमके तेथेच.

कोणी म्हणेल, कोळसा सोडायचा तर पवनचक्क्या हव्यात आणि त्यांना हेच धातू लागतात. हे खरे आहे, आणि आमच्याकडे त्याचे सोपे उत्तर नाही. एवढेच वाटते, की आधी नाबोथला विचारावे. ग्रीनलंडच्या लोकांना २००९ मध्ये स्वशासन मिळाले. २०२१ साली त्यांच्या संसदेने युरेनियमच्या खाणकामावर बंदी घातली. तेथेही खाणी हव्या असलेले लोक आहेत, पण तो निर्णय त्यांचा. आपल्या सूरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे आणि तेथूनच लोहखनिज निघते. तेथील ग्रामसभांचे म्हणणे आपल्यापैकी किती जणांनी ऐकले?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात श्रीमंत देशांवरील पर्यावरणाच्या ऋणाविषयी लिहिले. ऋण म्हटले की फेड आलीच. चोरीची कबुली देणाऱ्याला धर्मगुरू चोरलेली वस्तू परत करायला सांगतात. वितळलेला बर्फ कोणाला आणि कसा परत करणार?

अहाबनेही पुढे वस्त्रे फाडली, गोणपाट नेसून उपवास केला आणि परमेश्वराने त्याची दखल घेतली. मळा परत केल्याचे मात्र कोठे लिहिलेले नाही.