गाय, गिधाड आणि एक रेणू

पवन मावळातल्या एका गोठ्यात, गव्हाणीवरच्या कोनाड्यात, रबरी बुचाची छोटी बाटली दिसली. नुकत्याच व्यालेल्या गाईला दगडी झाली होती. कास तापून टणक. सुई दिल्यावर काही वेळानं ती वैरणीला लागली आणि घरधनिणीचा जीव भांड्यात पडला. मी बाटलीवरचं नाव वाचलं : मेलॉक्सिकॅम. माझाही पडला, पण निराळ्या कारणानं. ते कारण कळायला थोडं रसायनशास्त्र लागतं.

१८२८ साली फ्रीडरिश व्होलरनं मूत्रपिंडाची मदत न घेता युरिया बनवला. सेंद्रिय रसायनशास्त्राची गोष्ट तिथून सुरू करायची प्रथा आहे. गाय काय, आपण काय, शरीरातला नको असलेला नायट्रोजन याच युरियाच्या रूपात पाण्याबरोबर टाकतो. पक्ष्यांची तऱ्हा वेगळी. ते टाकतात युरिक आम्ल, पाण्यात जेमतेम विरघळणारं. पाखरांच्या बसायच्या कड्यांवर दिसणारे पांढरे ओघळ त्याचेच.

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गाईला सोसतं, आपल्या गुडघ्यालाही. पण ते टोचलेलं ढोर एक-दोन दिवसांत मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात आणि युरिक आम्ल हृदयावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखं साचतं. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून हे कळलं. तोवर संशय रोगजंतूंवर. पशुवैद्यकाची ती जुनी खोडच. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी निघालेली सरकारी प्रयोगशाळा नावानंच ‘बॅक्टिरिऑलॉजिकल’ होती. शंभरात एकाहून कमी मढ्यांत हे औषध असलं तरी ऱ्हासाला पुरे, असा हिशेब निघाला. एका मढ्यावर थवाच्या थवा उतरतो आणि जोडीला वर्षाकाठी अंडं एकच! पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ दरम्यान भारतात हजारातलं एखादं उरली.

२००६ साली जनावरांसाठी बंदी आली. मग माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचल्या. २०१५ साली त्या ३ मिलिलीटरवर आणाव्या लागल्या. ॲसिक्लोफिनॅकची गंमत तर और. लेबलावर नाव दुसरं, पण गाईच्या शरीरात एस्टरचा एक बंध तुटला की उरतं डायक्लोफिनॅकच. हे रसायनाच्या विद्यार्थ्यानं फळ्यावर दाखवलं असतं. बंदीला मात्र २०२३ उजाडलं. पशुवैद्य गाईपाशी थांबला, रसायनज्ञ रेणूपाशी. मेलेल्या गाईचं पुढं काय होतं, हे कुणाच्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं. लोहगड, तुंग, नागफणी : कड्यांना इथं तोटा नाही. तेव्हा मावळातल्या जनावरं पाळणाऱ्यांना एवढीच विनंती. सुई टोचण्याआधी डॉक्टरांकडून बाटली मागून घ्या आणि नाव वाचा. मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक ॲसिड असेल तर गिधाडांनाही धोका नाही, खुशाल टोचू द्या.