राहून गेलेला अर्धा श्लोक

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५
फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज



आज लिहायला रात्र झाली. एरवी पहाटे वाचन होतं आणि चहाच्या आधी चार ओळी लिहूनही होतात. आज मात्र श्लोक वाचला आणि पुढे लिहवेना. का, ते सांगते.

सध्या हवा मोठी मजेशीर आहे. पहाटे उठलं की अजून शाल लागते आणि अकरा वाजले की परसातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. कडुलिंबाची पानगळ चालू आहे. सकाळी झाडून काढावं तर दुपारी पुन्हा पिवळा सडा. पण वर बघितलं तर त्याच फांद्यांना तांबूस, तुकतुकीत पालवी फुटलेली. एक खार रोज येऊन पायपुसण्यातला काथ्या ओढून नेते. तिचं घरटं पुरं होईपर्यंत पायपुसणं शिल्लक राहील असं वाटत नाही. आमच्या ह्यांनी पक्ष्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवलंय, तिथे बुलबुलांची जोडी आंघोळ करून जाते. दहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात, ऋतूंमध्ये वसंत तो मीच. या दिवसांत त्यावर वेगळा विश्वास ठेवावा लागत नाही. दार उघडलं की दर्शन.

आणि या सगळ्यात एक तांबट आलाय.

तांबट तुम्ही ऐकला असणारच, दिसला नसेल कदाचित. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा. पानांत बसला की सापडत नाही. थंडीत गप्प असतो आणि ऊन तापू लागलं की सुरू होतो : टुक्, टुक्, टुक्, टुक्. तांबट आळीत भांडं घडवताना हातोडी पडावी तसा एका लयीत. गंमत म्हणजे ओरडताना त्याची चोच मिटलेली असते, नुसता गळा फुगतो. आमच्या शेवग्याची एक फांदी वाळली आहे. तिच्या खालच्या अंगाला त्यानं चोचीनं गोल भोक पाडायला घेतलंय. दोघं नवरा-बायको आळीपाळीनं खपतात. जमिनीवर लाकडाचा भुसा पडलेला दिसतो.

एरवी मी आनंदाने तुम्हाला फोटो दाखवला असता. पण तो इथे का आला, ते मला माहीत आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना उंबर होता. तांबटाला उंबर, वड यांची फळं प्रिय. तो उंबर महाशिवरात्रीच्या आधी तोडला गेला, रस्त्याच्या रुंदीकरणासाठी.

उंबर म्हणजे दत्तमहाराजांचं झाड. येता-जाता चप्पल काढून हात जोडणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत. तोडण्याआधी खोडावर एक नोटीस लावली होती. शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडायचं तर आधी नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. या नोटिशीत हरकतीसाठी सात दिवस दिले होते. ती मी पहिल्याच दिवशी वाचली. मोबाइलवर तिचा फोटोही काढला.

आणि मग सात दिवस काय केलं? भांडले.

फोटो आमच्या भावंडांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "बघा तुमच्या लोकांचा कारभार." हे माझ्या धाकट्या भावासाठी होतं. तो एका पक्षाचा, मी त्या पक्षाच्या विरुद्ध मताची. झालं. त्यानं उत्तर दिलं, मी प्रत्युत्तर दिलं. उंबर बाजूला राहिला आणि राज्याचं राजकारण सुरू झालं.

खरं सांगायचं तर राग यायला कारणं आहेतच. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत राज्यातले दोन पक्ष दुभंगले. आपण मत कोणाला दिलं आणि ते गेलं कुठे, हे सामान्य माणसाला कळेनासं झालं. आमच्या नगरपालिकेचं तर विचारूच नका. ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली १ जून १९९३ ला. तिच्यानुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. इथे तीन वर्षांच्या वर प्रशासकच होता. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, आणि २०२५ पर्यंत राज्यभर कितीतरी पालिकांची हीच गत होती. नळाला पाणी आलं नाही तर पूर्वी निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन उभं राहता यायचं. त्या काळात कोणाच्या दारात उभं राहायचं?

तर असा राग. चौथ्या दिवशी मी भावाला जे लिहिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात त्याच्या राजकारणाबरोबर त्याची नोकरी निघाली, त्याची बायको निघाली. त्यानं फक्त "ठीक आहे आक्का" असं लिहिलं आणि ग्रुप सोडला.

आठव्या दिवशी मी हरकतीचा अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, मुदत काल संपली. आणि खरं सांगू का, एकही हरकत आली नाही."

एकही नाही, मंडळी. तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेली बाई, नोटीस पहिल्या दिवशी वाचलेली, आणि तिचीही हरकत नाही. दहा ओळींचा अर्ज लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या वीसपट वेळ मी भांडणात घालवला होता. आणि सात दिवस मला मनापासून वाटत होतं की मी उंबरासाठी काहीतरी करतेय!

परवा होळी झाली. दर वर्षी धाकटा सहकुटुंब येतो. यंदा आला नाही. पुरणपोळ्या केल्या, पण त्याच्या वाटणीच्या डब्याकडे बघवेना.

आता आजचा श्लोक. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची खूण सांगतात : ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, हर्ष, अमर्ष, भय आणि उद्वेग यांतून जो सुटला, तो मला प्रिय.

गेले महिनाभर हा श्लोक माझ्या ओठांवर होता. बातम्या बघायच्या, चिडायचं आणि देवापुढे बसून मागायचं, "देवा, या लोकांचा मला उद्वेग होऊ देऊ नकोस." आज सकाळी लक्षात आलं की मी अर्धाच श्लोक मागत होते, आणि तोही नंतरचा अर्धा. भगवंतांनी पहिल्यांदा सांगितलंय ते दुसरंच. तुझ्यापासून लोकांना उद्वेग होत नाही ना, ते आधी बघ. या महिन्यात सरकारचा मला किती त्रास झाला त्याचा हिशोब माझ्याकडे होता. माझा घरच्यांना किती त्रास झाला, याची नोंदच नव्हती. हे तर बातम्या लागल्या की उठून परसात जाऊन बसायचे. मला वाटायचं, पक्ष्यांसाठी जातात.

ज्ञानेश्वर माउलींनी या श्लोकाला समुद्राचा दाखला दिलाय. समुद्र कितीही उसळला तरी त्यातले जलचर घाबरत नाहीत, आणि जलचर कितीही असले तरी समुद्राला त्यांचा वीट येत नाही. माझ्या उसळण्यानं मात्र माझाच भाऊ पाण्याबाहेर गेला होता.

मग मनात आलं, आणि तुमच्याही मनात येईल, की शांत राहायचं म्हणजे काय डोळे मिटून घ्यायचे? झाडं तुटू द्यायची, निवडणुका लांबू द्यायच्या आणि आपण तांबटाची टुक्-टुक् ऐकत बसायचं? हा प्रश्न मला खरंच छळत होता, म्हणून पुढचा सोळावा श्लोकही वाचला. त्यात दोन शब्द शेजारी शेजारी बसलेत : दक्ष आणि उदासीन. आपल्या मराठीत उदासीन म्हणजे ज्याला कशाचं काही पडलेलं नाही तो. गीतेतला उदासीन तसा नाही. तो कोणाची बाजू घेऊन तापत नाही, एवढंच. आणि त्याच्या अगदी लगत दक्ष आहे, म्हणजे समोर आलेलं काम वेळेवर आणि नीट करणारा. माझं नेमकं उलटं झालं होतं. तापले भरपूर आणि मुदत चुकवली.

उद्वेगात हीच मोठी फसवणूक आहे असं मला वाटतं. तो कामासारखा दिसतो. छाती धडधडते, झोप उडते, आपल्याला वाटतं आपण केवढं मनाला लावून घेतोय. पण उंबराच्या खात्यावर त्यातलं काहीच जमा होत नाही. राग येऊ नये असं मी म्हणत नाही. नोटीस वाचून जो पहिला राग आला तो खराच होता, झाडासाठी होता. तो तसाच उचलून कचेरीत न्यायला हवा होता. मी तो घरात आणला, आणि दुसऱ्या दिवशीपासून तो झाडाचा राहिलाच नाही, भावाला हरवण्याचा झाला. गीतेतल्या अमर्षाचा अर्थ मला आता कळतोय : समोरच्याचं काहीच सहन न होणं.

आज तुकाराम बीज. तुकोबांची एक हकिकत आपण सगळे ऐकत आलोय. दुष्काळानंतर त्यांनी सावकारीचे कागद इंद्रायणीत सोडले. धाकट्या भावाची, कान्होबांची, हरकत होती. तेव्हा तुकोबांनी निम्मे कागद भावाला दिले आणि आपल्या वाटणीचे तेवढे बुडवले. इतकी वर्षं मी यातलं वैराग्य बघत आले. आज भाऊ दिसला. भावानंही सोडावं असा हट्ट तुकोबांनी धरला नाही. आपली वाटणी सोडली आणि मोकळे झाले.

दुपारी फोन केला. तिकडे शांतता.

"मी बोलतेय रे."

"बोल आक्का."

"त्या दिवशी मी फार वाईट बोलले. तुझ्या बायकोबद्दल बोलायचं काही कारण नव्हतं. चुकलं माझं."

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "पोळ्या उरल्यात का?"

संध्याकाळी दोघंही आली. मत त्याचं बदललं नाही, माझंही नाही. चहा पिता पिता एकदा ठिणगी पडलीच होती, पण ह्यांनी मध्येच शेवग्याखाली नेऊन तांबटाचं भोक दाखवलं. आता तोडलेल्या उंबराच्या बदल्यात जी झाडं लावायची, ती आमच्याच गल्लीत लावा आणि त्यात उंबर असू द्या, असं निवेदन मी लिहून ठेवलंय. ते त्याला दाखवलं. म्हणाला, "आण, मीही सही करतो. झाड काय तुझ्या पक्षाचं होतं का?" तोडायची परवानगी कशी दिली, बदली झाडं किती आणि कुठे लावणार, हे माहिती अधिकारात दहा रुपये भरून मी वेगळं विचारणार आहे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. या वेळी मुदत चुकणार नाही.

उंबर काही परत येत नाही. लावलं तरी तसं व्हायला आमचं आयुष्य पुरायचं नाही. हे मला माझ्या नावावर धरूनच चालावं लागेल.

शेवग्याची वाळकी फांदी ह्या महिन्यात उतरवायची होती. ती आता पिल्लं उडून जाईपर्यंत तशीच ठेवणार.

माउली, दुसऱ्यांचा मला त्रास होऊ नये हे मागणं थोडे दिवस बाजूला ठेवते. माझा कोणाला होऊ नये, एवढं आधी शिकव. आणि हातातलं काम वेळेवर करायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.