मोकळीकेचें भय

२५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी सुरू झाली, त्या दिवशीं गुढीपाडवा होता. १ एप्रिल २०२२ रोजीं महाराष्ट्र सरकारनें कोरोनाच्या सांथीनिमित्त घातलेले सर्व निर्बंध उठविले, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां गुढीपाडवाच होता. पहिली गुढी लोकांनीं दार लोटून घेऊन, भीत भीत उभारली यांत नवल नाहीं. परंतु दुसरी गुढी उभारतांनाही कित्येकांच्या मनांत आनंदापेक्षां धास्तीच अधिक होती, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. परळीसारख्या लहान शहरांत मनुष्याचा चेहरा लपत नाहीं. आमच्या परिचयाच्या अनेक सुशिक्षित कुटुंबांत ही धास्ती आम्हीं पाहिली, आणि आम्ही स्वतः तिच्यापासून अलिप्त होतों असेंही नाहीं. ती कशाची होती, व नीतीच्या दृष्टीनें तिला किती मान द्यावा, एवढाच प्रश्न येथें घ्यावयाचा आहे.

सरळ उत्तर असें कीं, तें रोगाचें भय होय. तें खोटें नाहीं. एप्रिल २०२१ मध्यें आमच्या शेजारच्या अंबाजोगाईस एकाच रुग्णवाहिकेंतून बावीस प्रेतें स्मशानाकडे नेण्यांत आलीं, ही वार्ता देशभर गेली होती. ज्या घरांतून त्या दिवसांत कोणी इस्पितळांत गेलें आणि परत आलें नाहीं, त्या घरांतील माणसांनीं सरकारी पत्रक निघाल्याबरोबर मुखपट्टी भिरकावून द्यावी, अशी अपेक्षा करणारा मनुष्य एक तर फार शूर असला पाहिजे, किंवा फार विसराळू. परंतु ज्यांच्या घरीं कोणी दगावलें नाहीं, ज्यांनीं लशीच्या दोन्ही मात्रा वेळेवर घेतल्या, तेही अस्वस्थ होतेच. तेव्हां या भयाचें मूळ केवळ रोगांत शोधून भागत नाहीं.

दुसरें उत्तर संवयीचें. इंग्रज निबंधकार चार्ल्स लँब तेहतीस वर्षांच्या कारकुनीनंतर १८२५ सालीं मोकळा झाला, तेव्हां इतका वेळ एकदम हातीं आल्यामुळें आपण कसे भांबावून गेलों, याचें मोठें मार्मिक वर्णन त्यानें करून ठेविलें आहे. बायरनच्या काव्यांतील शियाँचा कैदी तर कोठडींतल्या कोळ्यांशीं व उंदरांशीं स्नेह जोडून बसला होता. हीं उदाहरणें गोड आहेत, पण आमच्या प्रश्नास तीं पुरतीं लागू पडत नाहींत. संवय चार-सहा आठवड्यांचा गोंधळ समजावून देते. मोकळीक मिळाल्यावर मनुष्य मागें वळून कुलपाकडे आशेनें कां पाहतो, हें ती सांगत नाहीं.

आमच्या मतें खरें कारण निराळें आहे, आणि तें मराठवाड्यांतील लग्नांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल. तीन एकर कोरडवाहू जमीन आणि दोन मुली असलेल्या बापानें गांवजेवण घालावें, मानपान करावा, मंडप-वाजंत्री आणावी, आणि त्यासाठीं सावकाराचा उंबरठा झिजवावा, ही येथली रीत. २०२० च्या उन्हाळ्यांत लग्नास पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्यें ती पंचवीसांवर उतरली. अंगणांत लग्नें लागलीं, शेतांत लागलीं, बुंदीच्या कढया चढल्या नाहींत, आणि कोणाचा मान राहिला म्हणून कोणी रुसलें नाहीं. बापानें हात जोडून म्हणावें, "काय करावं पाव्हणं, सरकारचाच हुकूम हाय!" आणि व्याह्यानें मुकाट्यानें मान डोलवावी. सुधारकांनीं शंभर वर्षें कंठशोष करून जें साधलें नाहीं, तें एका विषाणूनें साधलें. अर्थात् दोनच हंगामांपुरतें. निर्बंध उठले तेव्हां त्या बापाची दुसरी मुलगी उजवावयाची राहिली होती. आतां त्यास चारचौघांत आपल्याच तोंडानें म्हणावें लागणार होतें कीं, मला हें झेपत नाहीं. सरकारनें त्याचें स्वातंत्र्य त्यास परत दिलें, आणि त्याबरोबर 'नाहीं' म्हणण्याचें ओझेंही त्याच्याच पाठीवर परत ठेविलें. हें ओझें पाहून त्याच्या पोटांत गोळा आला असेल, तर त्यास भेकड कोण म्हणेल?

मात्र येथें एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. जें लग्न पंचवीस माणसांत उरकतें, तें गुपचूपही उरकतें. महाविद्यालयाचे वर्ग पुन्हां भरूं लागले तेव्हां कनिष्ठ वर्गांतील कांहीं मुली परत आल्याच नाहींत, चौकशी केली असतां मैत्रिणी खालीं पाहून सांगत, "सर, तिचं लग्न झालं." बीड जिल्ह्याचें नांव बालविवाहासाठीं आधींच वाईट आहे. ज्या हुकुमानें बापाची अब्रू राखली, त्याच्याच आडोशास मुलीचें शिक्षण संपलें. म्हणून त्या काळांतील साधेपणाचे गोडवे गाणाऱ्यांबरोबर आम्हांस फार दूरवर जातां येत नाहीं.

आमच्या पांढरपेशा वर्गाचीं ओझीं याहून हलकीं, पण जात तीच. न आवडणाऱ्या समारंभास जाणें, भांडलेल्या भावाच्या दारीं उभें राहणें, अंथरुणास खिळलेल्या मामीस भेटणें, यांतून "यावयाचें फार मनांत होतें, पण परिस्थितीच अशी" या एका वाक्यानें सुटका होत असे. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७८४ सालच्या आपल्या एका छोट्या निबंधांत मनुष्याच्या पोरकटपणाचें कारण बुद्धीच्या उणिवेंत न शोधतां धैर्याच्या उणिवेंत शोधलें आहे. आपल्या वतीनें दुसऱ्यानें विचार करावा, ही सोय मोठ्या माणसांसही सोडवत नाहीं. आपण भेटावयास गेलों नाहीं तें हुकुमामुळें कीं मनामुळें, हें ठरविण्याची वेळ दोन वर्षें आलीच नव्हती. ती १ एप्रिलला आली. आम्हांस वाटतें, त्या दिवशींच्या धास्तींत रोगाइतकाच वांटा या हिशेबाचा होता.

स्पर्शाचेंही असेंच झालें. येथील वैद्यनाथाच्या लिंगास भक्तानें स्वतः हात लावून दर्शन घ्यावें, अशी परंपरा आहे. आख्यायिका अशी कीं, समुद्रमंथनानंतर विष्णूनें अमृत व धन्वंतरी यांस या लिंगांत लपविलें; दानवांनीं हात लावतांच त्यांतून ज्वाळा निघाल्या, आणि भक्तांनीं लावतांच अमृताची धार. महाराष्ट्रांतील मंदिरें नोव्हेंबर २०२० मध्यें दिवाळीच्या पाडव्यास उघडलीं, एप्रिल २०२१ मध्यें पुन्हां मिटलीं, आणि त्या वर्षीं ७ ऑक्टोबरला घटस्थापनेस पुन्हां उघडलीं. देवांचा वैद्य ज्या लिंगांत आहे त्याच्यासमोर येऊनही हात पुढें करावा कीं नाहीं, या विचारांत पडलेल्या श्रद्धाळू वृद्धा आम्हीं पाहिल्या. आपला हात भक्ताचा कीं दानवाचा, याची खात्री त्यांस उरली नव्हती. या संकोचांत स्वतःच्या जिवापेक्षां दुसऱ्याची चिंता अधिक होती, आणि अशा भयास आम्ही मान देतों.

पण सगळेंच भय असें नसतें. साथरोगांचा कायदा १८९७ सालीं मुंबई इलाख्यांतील प्लेगाच्या निमित्तानें झाला. पुण्यांत शिपाई घरांत शिरून झडत्या घेऊं लागले, तेव्हां लोक रोगाहून कायद्यास अधिक भ्याले. मार्च २०२० मध्यें तोच कायदा महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला. या खेपेस मात्र पुष्कळ गांवांनीं आपण होऊन वेशीवर बाभळीच्या काट्या लावल्या. हे काटे कोणाविरुद्ध होते? बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं लाखों माणसें ऊस तोडण्यास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. टाळेबंदी झाली तेव्हां तीं कारखान्यांपाशीं अडकलीं. एप्रिलच्या मध्यानंतर सरकारनें वैद्यकीय तपासणी करून त्यांस परतण्याची परवानगी दिली. त्यांस दार उघडण्याची भीति नव्हती, दार उघडत नाहीं याची होती. घरीं आल्यावरही कित्येकांनीं गांवाबाहेर, शाळेंत किंवा शेतांत दिवस काढले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून निजलेले सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडले, तेही घराकडेच निघाले होते.

आमचा पगार त्या सगळ्या काळांत दरमहा जमा होत होता. ज्याचें दार आंतून बंद होतें त्यास मोकळीकेचें भय वाटूं शकतें. ज्याचें बाहेरून बंद होतें त्यास तें परवडत नाहीं. आमच्या भयानें आमच्या पायांस बांधून ठेविलें तर तो आमचा खासगी मामला. परंतु तेंच भय जेव्हां म्हणूं लागतें कीं, आणखी थोडे दिवस सर्वांचेंच बंद राहिलें असतें तर बरें झालें असतें, तेव्हां त्याची किंमत दुसरा कोणी तरी मोजीत असतो. हें वाक्य आम्हीं २०२२ च्या उन्हाळ्यांत चांगल्या चांगल्या दिवाणखान्यांत ऐकिलें आहे.

२०२० च्या पावसाळ्यानंतर गळिताचा हंगाम आला तेव्हां आमच्या भागांतील टोळ्या पुन्हां निघाल्या. पुन्हां बंद झालें तर आम्हांस परत कोण आणणार, असें त्यांतील कांहीं जण मुकादमास विचारीत होते. मुकादमापाशीं उत्तर नव्हतें. उचल मात्र घेतलेली होती, आणि ट्रॅक्टर वेशीवर उभे होते.