अर्पण केलेला दागिना

श्रीचरणी सुवर्ण अर्पण करण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. असा अलंकार आला म्हणजे तो ताजव्यात तोलला जातो, खडे, मणी व लाख यांचे वजन वजा करून निव्वळ सोन्याची नोंद होते आणि भाविकास पावती मिळते. आयुष्यभर गळ्यात वागवलेली बोरमाळ लाख वजा जाता किती हलकी भरते, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. हीच माळ एका दुष्काळात गहाण पडली होती आणि आईने पै-पै साठवून ती सोडवून आणली, हे लिहिण्यास मात्र पावतीवर रकाना नसतो. मग भाविक देवास नेमके काय देतो?

वस्तूविषयीची ही ओढ केवळ मोह म्हणून झिडकारावी, तर आदिकवी वाल्मीकींनी तसे केलेले नाही. हनुमंताने रामाची मुद्रिका अशोकवनात नेली व परत येताना सीतामाईचा चूडामणी आणला. तो हाती येताच प्रभू रामचंद्रांनी हृदयाशी धरला. हा मणी विवाहसमयी जनकराजाने दिलेला; तो पाहून पिता दशरथ व जनक यांचेच दर्शन घडल्यासारखे वाटते, असे ते सद्गदित होऊन सांगतात. राज्य सहज सोडून वनात आलेला पुरुष एका मण्यापाशी गहिवरतो! दुसरीकडे, बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडताना दोन्ही पत्नींमध्ये धनाची वाटणी करू लागतात, तेव्हा मैत्रेयी विचारते, की धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन काय? तिने धन नाकारले. जवळच्या माणसाची खूण ठेवू नये, असे ती कोठे म्हणत नाही.

कठीण प्रसंग येतो तो धन आणि खूण एकाच दागिन्यात असतात तेव्हा. आईच्या पश्चात तिच्या पाटल्या मुलगा देवास वाहतो आणि बहिणींना ते मागाहून कळते. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आईच्या मालमत्तेवर मुलगे, मुली व पती यांचा सारखाच हक्क असतो. परंतु कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली तरी, ज्या पाटल्यांचा आवाज ऐकत लेक लहानाची मोठी झाली, त्या तिला न विचारता देणे हा त्याग कसा म्हणावा? त्याग आपल्या ओढीचा करता येतो, दुसऱ्याच्या नव्हे.

दागिना ठेवून घेऊन तेवढ्याच वजनाचे चोख सोने वाहिले तर नवस अपुरा राहतो काय, अशी शंका अनेकजण विचारतात. नवस सोन्याचा बोलला असेल तर तो पुरा होतो, असेच म्हणावे लागेल. ज्याला आईचीच वस्तू द्यावीशी वाटते, त्याने ती पुढे वितळवलीही जाऊ शकते, हे मनाशी धरून द्यावी. घडण जपली जाईल अशा अपेक्षेने दिलेल्या वस्तूत मन अडकून राहते व दर्शनाच्या वेळी डोळे मूर्तीऐवजी ती माळ शोधू लागतात.

म्हणून घरच्या सर्वांस विचारले आहे ना, एवढे पावती फाडण्यापूर्वी विचारलेले बरे. काही भाविक हे ऐकून दागिना पुन्हा रुमालात बांधतात. त्यांतले काही पुढच्या खेपेस बहिणींना घेऊन येतात. काही नुसतेच ओटीचे साहित्य घेऊन येतात आणि तेही तितक्याच समाधानाने दर्शन घेऊन जातात.